पुसलेलीच असतात

वहिनींच्या हाताला बरकत आहे, असं त्यांच्या धंद्यातले सगळे म्हणायचे. धंदा व्हिडिओ शूटिंगचा. नवरा कॅमेरा चालवायचा, बाकीचं सगळं वहिनी बघायच्या: गिऱ्हाइकाशी बोलणं, एडिटिंगला बसणं आणि मुख्य म्हणजे खरेदी. नवऱ्याचे मित्र त्यांना वहिनी म्हणायचे. मग मित्रांचे मित्र, दुकानदार, हॉलचे मॅनेजर, असं करत करत त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. कुणाला लाइटचा स्टँड घ्यायचा असो की जुना माइक, पहिला फोन वहिनींना. "तुम्ही नुसत्या सोबत चला हो. तुम्हाला बघितलं की दुकानदार आपोआप खाली येतो."

वहिनींना हे ऐकायला आवडायचं. त्यांची घासाघीस आरडाओरड्याची नव्हती. त्या वस्तू हातात घ्यायच्या, उलटसुलट करून बघायच्या, एक बारीकसा सुस्कारा सोडायच्या आणि अशा काही हळहळून किंमत सांगायच्या, की समोरच्याला वाटावं, आपणच या गरीब बाईला लुबाडायला बसलोय.

त्या वर्षी त्यांनी जुना टेपवाला कॅमेरा काढून टाकला आणि बातम्यांच्या चॅनेलवाले वापरतात तसला एक मोठा, बिनटेपेचा कॅमेरा सेकंडहँड घेतला. खांद्यावर ठेवला की नवरा एकदम रुबाबदार दिसायचा. किंमतही अशी की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एवढा स्वस्त का, ते कॅमेरा घरी आल्यावर कळलं. त्याला लागणारी मेमरी कार्डं त्या कंपनीचीच लागायची. मोबाइलमधल्या कार्डासारखी नखाएवढी नव्हेत, चांगली पत्त्याच्या पानाएवढी, जाड, धातूची. कॅमेऱ्याबरोबर एकच आलं होतं आणि ते समारंभ रंगात यायच्या आधीच भरायचं. नवं घ्यायला गेलं तर त्या पैशात आणखी एक छोटा कॅमेरा आला असता.

"हत्ती घेतलास गं, आता चारा कुठून आणायचा?" नवरा म्हणाला.

वहिनींनी चारा शोधायला घेतला. आधी एक अडॅप्टर आणला, म्हणजे मोठ्या कार्डाच्या आकाराची एक डबी, जिच्या पोटात साधं स्वस्त कार्ड बसतं. घरी दोनदा छान चालला. तिसऱ्यांदा एका मुख्याध्यापिकांच्या निरोपसमारंभात नेला. बाई बोलायला उभ्या राहिल्या, त्यांचा गळा दाटून आला, सभागृहात चिडीचूप झालं, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली. रेकॉर्डिंग बंद. नवरा बिचारा बंद कॅमेरा डोळ्याला लावून पुढे भाषणभर तसाच उभा राहिला, लोकांना कळू नये म्हणून मधूनमधून लेन्स फिरवत. घरी आल्यावर त्याने अडॅप्टर खिडकीतून फेकायचाच बाकी ठेवला. "कार्डं खरीच पाहिजेत. माझी अब्रू जाते तिथे, तुझी नाही."

वहिनींनी सगळी दुकानं पालथी घातली. इंटरनेटवर मिळायची, पण त्यातली निम्मी बनावट, असं लोक लिहायचे. शेवटी त्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेल्या. काकांचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत उभं राहायचं तर मान वाकवूनच.

"दुकानात नका शोधू," काका म्हणाले. "ज्यांनी काम थांबवलंय त्यांच्याकडे बघा. आपल्याकडे एक चॅनेलचे कॅमेरामन यायचे सर्व्हिसिंगला. भला माणूस. गेले मागच्या वर्षी. त्यांच्या मिसेस परवा आल्या होत्या विचारायला, कार्डं आहेत, काय करू म्हणून. चार तरी असतील." काकांनी नंबर एका चिटोऱ्यावर लिहिला, पण लगेच दिला नाही. "तुम्ही आहात म्हणून देतोय हं, वहिनी. बाईंना त्यातलं काही कळत नाही. रीतसर भाव द्या."

"हे काय सांगणं झालं, काका?" वहिनी म्हणाल्या.

नवरा-बायकोने मिळून एक रक्कम ठरवली. दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे जुन्या मालाला अगदी रास्त. "एवढे देऊन टाक, वर एक अक्षर बोलू नकोस," नवऱ्याने बजावलं. वहिनींनी पैसे पाकिटात घातले, पाकीट पर्समध्ये ठेवलं. घरातून निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी. केस नुकतेच धुतलेले, खांद्यावर टॉवेल. "ये गं, बस. उन्हाची आलीस." वहिनींनी त्यांना लगेच मावशी म्हणायला सुरुवात केली. खोली लहान पण लख्ख होती. भिंतीला लागून कॅमेऱ्याच्या रिकाम्या बॅगा ओळीने ठेवलेल्या, एकीवरही धूळ नाही.

"कॅमेरा चॅनेलचा होता, तो ते घेऊन गेले," मावशी सांगू लागल्या. "ही कार्डं मात्र यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली. चॅनेलची वेळेवर कधी मिळायची नाहीत ना. तेव्हा मी किती बोलले होते, एवढ्याशा पत्र्याला एवढे पैसे?" त्यांनी डबा उघडला. मऊ कापडात गुंडाळलेली चार कार्डं. एकावरही ओरखडा नव्हता.

वहिनी पुढे सरकल्या. त्यांनी एक कार्ड उचललं, उलटसुलट केलं, आणि तोंडून तो सुस्कारा आपसूक बाहेर पडला. खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण जीभ आपल्या वाटेने निघून गेली होती.

"मावशी, खरं सांगू का? याला आता कुणी विचारत नाही. सगळं बदललं. भंगारवालासुद्धा घ्यायचा नाही."

"हो का?" मावशींचा चेहरा पडला. "मला वाटलं होतं…"

"पण असू दे. आमचा कॅमेरा जुनाच आहे, त्याला चालतील. तुमच्याकडे नुसती पडून राहण्यापेक्षा." आणि त्यांनी किंमत सांगितली. त्या पैशात एक बरीशी चपलांची जोडी आली असती, फार तर वर एक छत्री.

मावशींनी कार्डं पुन्हा कापडात गुंडाळली. मग म्हणाल्या, "तुझ्या उपयोगाची आहेत ना? मग झालं तर. कुणाच्या तरी कामाला येतील." त्यांनी चहा केला. कार्डं कॉम्प्युटरला लावायचा रीडर शोधून काढला आणि तो तसाच देऊन टाकला. निघताना वहिनी डबा पर्समध्ये सरकवत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, यात काही असेल का? यांनी काढलेलं वगैरे?"

आता बघत बसलो तर बाईंचा विचार बदलायचा, एवढंच वहिनींच्या डोक्यात आलं. "नाही हो मावशी," त्या हसून म्हणाल्या. "ही कार्डं पुसलेलीच असतात."

जाड पाकीट पर्समध्ये तसंच राहिलं. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाईंनी स्वतःच तेवढे सांगितले, मी काय करू?" उरलेल्या पैशांतून त्यांनी दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. नवरा खूश झाला. "तुझ्यासारखी तूच," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा कार्डं तपासायला बसला आणि वहिनी स्वयंपाकघरात होत्या. बाहेरून भाषणाचा आवाज येत होता, मग रहदारीचा, मग पुन्हा भाषणाचा. चॅनेलचं जुनं काम. मग एकदम बाईमाणसाचं हसू ऐकू आलं.

"अगं, इकडे ये जरा!"

पडद्यावर तीच खोली होती. मावशी खोलीच्या मधोमध एक पांढरा कागद तोंडासमोर धरून उभ्या. कॅमेऱ्यामागून पुरुषाचा आवाज आला, "कागद खाली घे गं, छातीशी धर. कॅमेऱ्याला पांढरा रंग दाखवायचाय, लपाछपी नाही खेळायची."

"मग दाखवा की लवकर. दूध ठेवलंय गॅसवर."

"जाऊ दे उतू."

"पुसायला तुम्ही येणार आहात वाटतं?"

दोघंही हसत होते. मावशी कागद टाकून आत पळाल्या, कॅमेरा हलत-डुलत त्यांच्या मागे गेला, त्यांनी वळून पंजा लेन्सवर ठेवला, "पुरे झालं हं आता!" आणि पडदा काळा झाला. तो माणूस कुठेच दिसला नाही. नुसता आवाज.

"या त्याच ना?" नवरा म्हणाला. "त्यांना माहीत नसणार. नाहीतर असं कुणी देतं का?" त्याने तेवढा भाग पेन ड्राइव्हवर घेतला आणि वहिनींच्या हातात ठेवला. "देऊन ये त्यांना. आजच जा."

"जाईन की सवडीने."

सवड काही होईना. पेन ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात जाऊन बसला. रुमाल काढताना, किल्ली काढताना बोटांना लागायचा, आणि वहिनी हात झटकन बाहेर घ्यायच्या. हा घेऊन गेलं तर मावशी पहिलं काय विचारतील, हे त्यांना पाठ झालं होतं. पुसलेली असतात म्हणाली होतीस ना? पोस्टाने पाठवावा का? दाराखालून सरकवून यावं का? असले विचार करताना त्यांना स्वतःचाच राग यायचा आणि त्या भांडी आदळायच्या.

कार्डं मात्र सुरेख चालत होती. एकदाही लाल अक्षरं आली नाहीत. नवऱ्याला लागोपाठ कामं मिळाली. मित्र म्हणायचे, "वहिनींनी काय घबाड मारलं, राव!" पूर्वी असं कुणी म्हटलं की त्या सगळी हकीकत रंगवून सांगायच्या. आता त्या उठून चहा ठेवायला जात.

एका दुपारी त्या एका हॉलमध्ये नवऱ्याबरोबर वायरी पसरवत होत्या. फोन वाजला. मावशी.

"अगं, तुला त्रास देतेय. माझा मुलगा आलाय गावाहून. कार्डं विकली म्हटलं तर माझ्यावरच ओरडायला लागला, फसवलं तुला म्हणून. मी म्हटलं, अरे, ती पोरगी त्याच धंद्यातली आहे, तिने मला सगळं समजावून सांगितलं, उगाच माणसांवर संशय घेऊ नये. ऐकतच नाही! तूच सांग बाई त्याला. हा घे रे, बोल."

वहिनींना काही म्हणायला सवडच मिळाली नाही. पलीकडे पुरुषाचा आवाज आला. "हॅलो."

"हॅलो," वहिनी म्हणाल्या. "ती… जुनी आहेत ना कार्डं. जुन्या मालाला…"

"एक मिनिट." पावलांचा आवाज, दार लोटल्याचा आवाज. मग तो हळू बोलू लागला. त्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बाबा कार्ड घ्यायचे तेव्हा मी दुकानात सोबत असायचो. आजही त्यांची काय किंमत येते ते मी बघितलंय. तुम्ही मला काही सांगू नका. आईला मी म्हणतो, तुझं बरोबर होतं. बाबा गेल्यापासून ती घरी आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघायची. तुम्ही आलात त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, आज एक चांगली मुलगी भेटली. तेवढं तिच्याजवळ राहू दे."

फोन बंद झाला. वहिनी हॉलच्या मधोमध वायरीचं भेंडोळं हातात धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. "वहिनी, ही ओळ सरळ आहे का बघा ना," असं दोनदा विचारलं गेलं तरी त्यांना ऐकू आलं नाही.

काम उरकून घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. पाकीट, सुस्कारा, किंमत, पुसलेलीच असतात, सगळं. नवरा बूट काढत होता. एक बूट काढून झाला होता, दुसरा तसाच राहिला.

"मी तुला पैसे दिले होते गं," तो म्हणाला.

"हो."

"मग का?"

गरज होती असं म्हणावं तर नव्हती. "सवय," त्या शेवटी म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, माझी बायको कशी हुशार म्हणून." तो दुसरा बूट तसाच ठेवून आत गेला आणि डबा घेऊन आला. "रविवारी जाऊ. मी येतो."

"तो मुलगा म्हणालाय, आईला कळू देऊ नका."

"मग तू ठरव." एवढं बोलून तो अंघोळीला गेला.

ते ठरवणं फार कठीण होतं. गप्प बसावं तर मुलाचा शब्द राखल्यासारखं होत होतं. सोय होती ती, अगदी पदरात येऊन पडलेली. पण गप्प बसायचं म्हणजे तो आवाज, ते दुधाचं बोलणं कायमचं आपल्या पर्समध्ये ठेवायचं. नुसतं कार्डांचं असतं तर वहिनी गप्प राहिल्याही असत्या, हे त्यांनी मनाशी कबूल केलं.

रविवारी दार मुलाने उघडलं. तो उंच होता, दमलेला दिसत होता. वहिनींना बघून त्याने मान किंचित हलवली, नको म्हणून. पण मावशींनी आतूनच पाहिलं होतं. "अगं बाई, तू! आणि हे मिस्टर का? या, या. बघ रे, मी सांगत होते ना, ती हीच."

वहिनी बसल्याच नाहीत. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. दोनदा."

मावशींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते काढायचं त्यांना सुचलं नसावं.

"कार्डांना चांगली किंमत येते. मी पैसे घेऊन आले होते आणि दिले नाहीत. आणि त्यात काही नसतं म्हणाले ना मी, ते न बघताच म्हणाले. त्यात तुम्ही आहात. तुमच्या मिस्टरांचा आवाज आहे."

मावशींनी आधी मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"किमतीचं होतं," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. "आवाजाचं नव्हतं."

"म्हणजे तूही मला खुळ्यात काढलंस." मग त्या वहिनींकडे वळल्या. "पैशांचं सोड. मी तुला विचारलं होतं गं. दारात उभी राहून विचारलं होतं. तू ते पुसून टाकलं असतंस तर? मला कळलंही नसतं."

वहिनींनी पेन ड्राइव्ह पुढे केला. मावशींनी तो घेतला नाही. मुलाने घेतला आणि टीव्हीला लावला. खोलीत ती खोली दिसायला लागली, तोच कोपरा, तीच खिडकी. "कागद खाली घे गं," आवाज म्हणाला. मावशी उभ्या होत्या त्या खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसल्या. पडदा काळा झाला तसं मुलाने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मावशी त्याला म्हणाल्या, "त्या दिवशी दूध खरंच उतू गेलं होतं. आणि खरंच यांनी पुसलं. आयुष्यात तेवढं एकदाच." त्या हसल्या आणि पदराने नाक पुसलं. वहिनी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, पण ते बोलणं त्यांच्याशी नव्हतं.

नवरा आणि मुलगा बाहेरच्या गॅलरीत जाऊन बोलले. नवऱ्याने डबा पुढे केला. मुलाने दोन कार्डं ठेवून घेतली, दोन बाजारभावाने दिली, आणि पैसे मोजून न बघता खिशात घातले. ठेवून घेतलेल्यांपैकी एका कार्डावर आईचं ते रेकॉर्डिंग होतं; नवऱ्याने ते कार्ड कामाला वापरलंच नव्हतं. ते त्याने तिथेच शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून तळहाताने चाचपलं.

"मावशी, जाऊ मी?" वहिनींनी विचारलं.

"हो, जा."

शिव्या नाहीत, ये पुन्हा नाही. टीव्हीवर पुन्हा कागद वर होता. जिना उतरताना वहिनींना वाटलं, मावशी दोन शब्द लावून बोलल्या असत्या तर ते तरी घरी नेता आलं असतं. नवऱ्याने स्कूटर काढली. वाटेत तो एकदाच बोलला, पेट्रोल भरायचंय म्हणून.

त्यानंतर वहिनींनी भाव करणं सोडलं असं नाही. तसं कुणी सोडत नाही. पण सुस्कारा टाकायला गेल्या की घशातच अडकायचा.

पुढे काही महिन्यांनी एका निवृत्त फोटोग्राफरचा जुना ट्रायपॉड विकायला आहे असं कळलं. म्हातारा एकटाच राहत होता. त्याने सांगितलेली किंमत नव्या ट्रायपॉडपेक्षा जास्त होती. वहिनींनी ट्रायपॉडचे पाय उघडून बघितले, स्क्रू फिरवून बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, नवा याच्यापेक्षा स्वस्त मिळतो. दुकानाचं नाव सांगते, तुम्ही फोन करून विचारा. मी याला एवढे देऊ शकते." आणि त्यांनी जी सांगितली ती किंमत अगदी सरळ होती, एक पैसाही इकडेतिकडे नाही.

म्हाताऱ्याने ट्रायपॉड त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुमच्यासारख्यांना मी चांगलं ओळखतो," तो म्हणाला. "म्हातारा एकटा बघितला की येता गोड बोलत."

एरवी वहिनींनी त्याला जागच्या जागी सुनावलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण काय म्हणणार? मी तशी नाही, असं?

"येते, आजोबा," एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

खाली नवरा स्कूटरवर बसून होता. "काय झालं? जमलं नाही?"

"नाही. मी फसवतेय म्हणाला."

"आणि फसवत होतीस?"

"नव्हते."

नवऱ्याला हसू आलं, पण त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. पुढे सरकून त्याने सीटवरची मागची तापलेली जागा रुमालाने झटकली. "बस," तो म्हणाला. वहिनी बसल्या.